सुरमा, हरताळ आणि सडक्या अंड्यांचा वायू

सुरम्याचा खडा हातात घेतला तर तो काळसर राखाडी दिसतो, आकाराच्या मानाने जड लागतो आणि फोडला की आतून चमकतो. अत्तर, टोप्या, तसबीह विकणाऱ्या दुकानात "हा कशाचा?" असे विचारले तर उत्तर ठरलेले असते: "असली सुरमा आहे." रसायनशास्त्राला मात्र या उत्तराचा काही उपयोग नाही. कारण या वर्णनात बसणारे दगड दोन आहेत. एक अँटिमनी आणि गंधक यांचे संयुग, त्याला स्टिबनाइट म्हणतात. दुसरा शिसे आणि गंधक यांचे संयुग, त्याचे नाव गॅलिना. दोन्ही चकाकतात, दोन्ही कुटले की काळी पूड होते, दोन्ही घासले की सारखीच राखाडी रेघ उमटते. पैकी शिसे लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते आणि शरीरात त्याची कोणतीही पातळी सुरक्षित मानता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे प्रश्न शब्दकोशातला नाही. ज्या बाळाच्या डोळ्यांत सुरम्याची सळई फिरते, त्याचा आहे.

हा घोळ जुना आहे. अरबीत सुरम्यासाठी 'कुहल' आणि 'इस्मिद' असे शब्द आहेत. कोशात इस्मिदचा अर्थ बहुधा अँटिमनीचा दगड असा मिळतो, पण व्यवहारात या नावाखाली काय विकले गेले याची हमी कोश देत नाही. संस्कृत रसग्रंथांतही अंजनाचे पाच प्रकार आहेत: सौवीरांजन, स्रोतोंजन, नीलांजन वगैरे. यातले कोणते अँटिमनीचे आणि कोणते शिशाचे, यावर आजही अभ्यासकांचे एकमत नाही. ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीसने तर लिहून ठेवले, की हा अंजनाचा दगड फार जाळला तर त्याचे शिसे होते. त्याने जे पाहिले ते खरेच असणार. त्याच्या हातातला दगड गॅलिना असला, तर भट्टीत त्यातून शिसेच निघायचे. एक वस्तू दुसरी 'झाली' नव्हती, ती पहिल्यापासूनच दुसरी होती.

(जाता जाता: 'अल-कुहल' म्हणजे अतिशय बारीक पूड. युरोपात गेल्यावर हा शब्द कुठल्याही सूक्ष्म, शुद्ध केलेल्या पदार्थाला लागला आणि शेवटी दारूच्या अर्काला चिकटला. अल्कोहोल तो हाच. डोळ्यांत घालायच्या सुरम्याचे नाव बाटलीवर जाऊन बसले. भाषा असा खोडसाळपणा नेहमी करते.)

दिसण्यावरून न ओळखता येणारा धातू ओळखायचा कसा, याचा इतिहास लांबलचक आहे. तो वाचताना मला, शास्त्राचा नव्हे तर भाषेचा शिक्षक असूनही, पावलोपावली ओळखीचे शब्द भेटत गेले. पहिला शब्द 'कसोटी'. मराठीत आणि उर्दूत आपण परीक्षेलाच कसोटी म्हणतो, पण मुळात तो सोनाराचा काळा दगड. त्यावर सोने घासायचे, रेघेचा रंग बघायचा, कस ठरवायचा. दुसरा मार्ग तराजूचा. अकराव्या शतकात अल-बेरुनीने धातूंच्या आणि रत्नांच्या विशिष्ट गुरुत्वाची बारकाईने मापे घेतली. ११२१ च्या सुमारास अल-खाझिनीने 'मीझान अल-हिकमा' या ग्रंथात पाण्यात तोलण्याच्या तराजूचे शास्त्रच मांडले. त्याचा एक उपयोग सोन्यातली भेसळ पकडणे हा होता. सुरम्याच्या दोन दगडांना हा तराजू लावला तर ते लगेच वेगळे होतात. गॅलिना पाण्याच्या साडेसात पट जड, स्टिबनाइट साडेचार पटीच्या थोडे वर. तिसरा मार्ग ज्योतीचा. साधारण बाराव्या शतकातल्या मानल्या जाणाऱ्या 'रसार्णव' ग्रंथात कोणत्या धातूने ज्योतीला कोणता रंग येतो हे नोंदलेले आहे. तांब्याची ज्योत निळी, कथलाची कबुतरी, शिशाची फिकट. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी हिंदू रसायनशास्त्राचा इतिहास लिहिताना या नोंदीकडे मुद्दाम लक्ष वेधले होते.

कसोटी, तराजू, ज्योत. तिन्ही मार्ग हुशारीचे आहेत, आणि पहिल्या दोघांची अडचण एकच आहे. त्यांना धातू हातात सापडावा लागतो, गठ्ठ्याने, शक्यतो शुद्ध. पूड झाली, त्यात कापूर-मोती-आणखी काही कुटून घातले, किंवा धातू पाण्यात, औषधात, अन्नात विरघळून गेला, की कसोटीवर घासणार काय आणि तराजूत घालणार काय? ज्योत मिसळलेल्या पदार्थातही रंग दाखवते, पण चार धातू एकत्र असले तर सगळ्यांत भडक तोच दिसतो, बाकीचे त्याच्यामागे लपतात.

म्हणून वळण आले ते उलट दिशेने. पदार्थ घट्ट ठेवून न तपासता तो पूर्ण विरघळवून टाकायचा, आणि मग त्या पाण्याला प्रश्न विचारायचे.

याचे पहिले स्पष्ट उदाहरण रोमन लेखक प्लिनीच्या ग्रंथात आहे. प्लिनी इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात मेला, म्हणजे गोष्ट दोन हजार वर्षांपूर्वीची. तांब्यावर चढणारा हिरवा जंगाल तेव्हा औषध आणि रंग म्हणून महाग विकला जाई. व्यापारी त्यात स्वस्तातली हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार मिसळत. दिसायला दोन्ही हिरवट. प्लिनी सांगतो, पपायरसचा तुकडा माजूफळाच्या रसात भिजवा आणि त्यावर हा जंगाल लावा; भेसळ असली तर तुकडा काळा पडेल. तांबे काळे करत नाही, लोखंड करते. आजच्या लिटमस कागदाचा हा आजा.

माजूफळ आणि हिराकस. ही जोडी जुन्या हस्तलिखितांशी परिचय असलेल्यांना वेगळ्याच कारणाने माहीत असते. कातिब ज्या काळ्या शाईने लिहीत, तिचा एक प्रकार काजळीचा आणि दुसरा, 'हिब्र', माजूफळ आणि हिराकस यांचा. पानावर उतरताना शाई फिकट असते, हवेत ती काळीभोर होते. शतकानुशतके लाखो पानांवर लोखंड ओळखण्याची चाचणी चालू होती आणि लिहिणाऱ्याला ती शाई वाटत होती.

विरघळवायचे तर आम्ले हवीत, कारण सगळे काही पाण्यात विरघळत नाही. इथे थोडे स्पष्ट बोलतो. आपल्याकडे मोबाइलवर फिरणाऱ्या मजकुरात नायट्रिक आम्लाचा शोध जाबिर बिन हय्यानने आठव्या शतकात लावला असे बेधडक लिहिलेले असते. या आम्लाची स्पष्ट कृती मिळते ती १३०० च्या आसपासच्या लॅटिन ग्रंथांत. त्यांचा लेखक स्वतःला 'गेबेर' म्हणवतो, पण बहुतेक अभ्यासकांच्या मते तो जाबिर नव्हे, त्याचे नाव लावणारा कोणी युरोपीय आहे. मोठ्या नावाखाली माल विकण्याची सवय फक्त जंगालवाल्यांनाच नव्हती. यात आपले काही कमी होत नाही. दहाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात वारलेल्या अबू बक्र अर-राझीने खनिजांची वर्गवारी केली: उडून जाणारे पदार्थ, धातू, दगड, काशीस वर्गातले क्षार, टाकणखारासारखे, आणि मिठे. ही वर्गवारी पदार्थाच्या दिसण्यावर नाही, तो विस्तवावर ठेवला की कसा वागतो, विरघळतो का, उडून जातो का, यावर आधारलेली आहे. पुढे जे घडले त्याची ही तयारी होती, आणि ती बिनतोड आहे. तिला खोट्या शिक्क्याची गरज नाही.

सतराव्या-अठराव्या शतकात युरोपात या प्रश्नाला जोर आला तो झऱ्यांच्या पाण्यामुळे. श्रीमंत लोक औषधी झऱ्यांवर जात, डॉक्टर पाण्याचे गुण गात आणि पाण्यात नक्की काय आहे हे कोणालाच सांगता येत नसे. रॉबर्ट बॉइलने फुलांचे रंग वापरून आम्ल आणि अल्कली ओळखायला शिकवले; १६८५ मध्ये त्याने खनिजजलाच्या परीक्षेवर छोटे पुस्तकच लिहिले. स्वीडनमधल्या उप्सालाच्या टोर्बर्न बर्गमनने १७७८ मध्ये पाण्याच्या विश्लेषणावर लिहिले तेव्हा त्याच्या टेबलावर बाटल्यांची रांग तयार होती. लोखंडासाठी माजूफळाचा अर्क, मिठासाठी चांदीचे द्रावण, चुन्यासाठी ऑक्झॅलिक आम्ल. प्रत्येक बाटली एक प्रश्न. द्रावण गढूळ झाले, रंग बदलला, तळाला साका बसला, की ते उत्तर.

पण बाटल्यांची रांग म्हणजे पद्धत नव्हे. एक अभिकारक एकाच धातूला उत्तर देतो असे क्वचितच घडते. पांढरा साका शिशाचा असेल, चांदीचा असेल, पाऱ्याचा असेल. खरी कोंडी फुटली ती एका घाणेरड्या वायूने.

हायड्रोजन सल्फाइड. सडलेल्या अंड्यांचा वास येतो तो हाच. अकरावी-बारावीला ज्यांनी विज्ञान घेतले त्यांना सॉल्ट ओळखण्याच्या प्रॅक्टिकलचा दिवस कॉरिडॉरमध्येच कळायचा तो यामुळे. वायू विषारीही आहे, आणि जास्त प्रमाणात नाक बधिर करतो, म्हणजे धोका वाढतो तेव्हाच वास येईनासा होतो. तरीही शे-सव्वाशे वर्षे जगभरातल्या प्रयोगशाळांनी तो सोसला. कारण आम्लधर्मी द्रावणात हा वायू सोडला, की काही धातू गंधकाशी जोडी जमवून खाली बसतात आणि बाकीचे द्रावणातच राहतात. एका फटक्यात गर्दीचे दोन भाग. शिवाय बसणाऱ्यांचे रंग बोलके. तांब्याचा काळा. कॅडमियमचा पिवळाधमक. अँटिमनीचा नारिंगी. आर्सेनिकचा पिवळा. पाऱ्याचा शेवटी काळा.

ही यादी पहिल्यांदा वाचली तेव्हा मी थबकलो, कारण हे तर आपल्या काष्ठौषधीच्या दुकानाचे फडताळ आहे. आर्सेनिकचा तो पिवळा साका म्हणजे रासायनिकदृष्ट्या हरताळ. पाऱ्याचा काळा साका म्हणजे वैद्यांची पारा-गंधक खलून केलेली कज्जली, आणि तीच तापवून उडवली की लाल हिंगूळ. अँटिमनीचा नारिंगी साका म्हणजे सुरमाच; खाणीत काळा, द्रावणातून उतरताना नारिंगी. आणि शिशाचा काळा साका म्हणजे दुसरा सुरमा. दोन दगड जे डोळ्यांना सारखे दिसतात, ते विरघळवून परत बसवले तर एक नारिंगी होऊन बसतो आणि एक काळा.

हरताळावरून एक खटला आठवतो. पोथी लिहिणारे चुकलेल्या अक्षरावर पिवळा हरताळ फासत आणि त्यावर पुन्हा लिहीत. 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार तिथून आला. (संपाचा हरताळ वेगळा, तो बाजाराला लागलेल्या टाळ्याचा.) इंग्लंडमधल्या केंट परगण्यात १८३३ मध्ये जॉर्ज बोडल नावाचा म्हातारा शेतकरी कॉफी पिऊन मेला. संशय नातू जॉनवर. सोमल, म्हणजे पांढरा आर्सेनिक, तेव्हा उंदीर मारायला सर्रास मिळे. त्याला रंग नाही, वास नाही, आणि विषबाधेची लक्षणे पटकीसारखी. वूलिचच्या शस्त्रागारात काम करणारा रसायनज्ञ जेम्स मार्श याला तपासणीला बोलावले. त्याने द्रावणात हा वायू सोडला आणि पिवळा साका मिळवला. आर्सेनिक होते. पण तो साका ज्यूरीसमोर ठेवण्याच्या वेळेपर्यंत खराब होऊन गेला होता. ज्यूरीतले लोक काही रसायन शिकलेले नव्हते, त्यांना डोळ्यांना दिसेल ते हवे होते. जॉन सुटला. पुढे त्याने गुन्हा कबूल केला असे सांगतात. पुराव्यावरच हरताळ फासला गेला, आणि पुरावा स्वतः हरताळ होता.

मार्श त्यावर गप्प बसला नाही. १८३६ मध्ये त्याने नवी चाचणी प्रसिद्ध केली. जस्त आणि आम्ल यांच्या मिश्रणात संशयित पदार्थ घालायचा. आर्सेनिक असेल तर ते वायुरूप होऊन बाहेर पडते. तो वायू पेटवून ज्योतीवर थंड चिनीमातीचा तुकडा धरला, की त्यावर काळपट चकाकता डाग बसतो. हा डाग टिकतो, न्यायालयात नेता येतो. आर्सेनिकचा अगदी सूक्ष्म अंशही तो दाखवतो. १८४० मध्ये फ्रान्समध्ये मारी लाफार्ज या तरुण स्त्रीवर नवऱ्याला विष घातल्याचा खटला चालला. तिथे स्थानिक रसायनज्ञांना शरीरात काही मिळेना, तेव्हा पॅरिसहून ओर्फिला आला, त्याने ही चाचणी करून आर्सेनिक दाखवले आणि तिला जन्मठेप झाली.

पण चाचणी इतकी तीक्ष्ण झाली की ती तपासणाऱ्यालाच कापू लागली. वापरलेल्या जस्तातच आर्सेनिकचा अंश असला तर? आम्लात असला तर? म्हणून आधी संशयित पदार्थ न घालता कोरी चाचणी करून पाहायची आणि डाग येत नाही याची खात्री करायची, ही शिस्त रुजली. आणखी एक गंमत. अँटिमनीसुद्धा याच उपकरणात अगदी तसाच डाग देते. तेव्हा अँटिमनीची औषधे वांती होण्यासाठी दिली जात, म्हणजे मृताच्या पोटात वैद्याने दिलेली अँटिमनी सापडणे सहज शक्य. फरक असा, की आर्सेनिकचा डाग सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात विरघळतो, अँटिमनीचा नाही. एका थेंबाच्या फरकावर कोणी फाशी जाणार की घरी जाणार हे ठरत असे. म्हणून मला या शास्त्रातला 'निश्चितीची चाचणी' हा प्रकार सर्वांत मोलाचा वाटतो. पहिले उत्तर मिळाल्यावर थांबायचे नाही. तेच उत्तर देऊ शकणारा दुसरा कोणी आहे का, हे पाहायचे.

हे सगळे सुटे धागे एका क्रमात ओवण्याचे काम जर्मनीत झाले. बर्लिनच्या हाइनरिख रोझने १८२९ च्या आपल्या ग्रंथात हायड्रोजन सल्फाइडला मध्यभागी ठेवून धातूंची विभागणी मांडली. ग्रंथ विद्वानांसाठी होता, नवशिक्याला झेपणारा नव्हता. कार्ल रेमिगियस फ्रेझेनियस हा औषधाच्या दुकानात उमेदवारी केलेला मुलगा बॉनला शिकत होता. त्याने रोजच्या कामासाठी म्हणून सोपा क्रम लिहून काढला आणि तो १८४१ मध्ये पुस्तक म्हणून छापला गेला. तेव्हा तो २२ वर्षांचा होता. नंतर तो गीसेनला लीबिगकडे गेला, १८४८ मध्ये त्याने वीसबाडेनला स्वतःची प्रयोगशाळा काढली, आणि १८९७ मध्ये वारला तोवर पुस्तकाच्या पंधरापेक्षा जास्त आवृत्त्या निघाल्या होत्या. आपल्या कॉलेजांत भिंतीवर लावलेला गटांचा तक्ता, ज्याच्यापुढे पिढ्यान्पिढ्या मुले घाम गाळतात, तो या तरुणाच्या वहीचा वंशज आहे. शिक्षक म्हणून मला यात विशेष वाटते ते हे, की त्याने नवे असे थोडेच शोधले. माहिती होतीच. त्याने फक्त विचारले, नवशिक्याने आधी काय करावे आणि मग काय?

क्रम असा. द्रावणात प्रथम हायड्रोक्लोरिक आम्ल. शिसे, चांदी, एका प्रकारचा पारा पांढरे होऊन बसतात. ते गाळून घ्यायचे. उरलेल्या आम्लधर्मी द्रावणात तो वायू. तांबे, आर्सेनिक, अँटिमनी आणि मंडळी बसतात, आणि शिशाचा आधी निसटलेला भागही इथे काळा होऊन सापडतो. पुन्हा गाळायचे, उकळून वायू घालवायचा. मग नवसागर आणि अमोनिया. लोखंड आणि ॲल्युमिनियम बसतात. मग अल्कधर्मी द्रावणात पुन्हा तोच वायू. जस्त, मँगनीज, निकेल, कोबाल्ट. मग कार्बोनेट, चुन्याची भावंडे. शेवटी जे कशालाच बधत नाहीत ते मॅग्नेशियम, सोडियम, पोटॅशियम. गटांचे क्रमांक पुस्तकागणिक थोडे बदलतात, क्रम बदलत नाही. आणि क्रम मोडला तर सगळेच कोसळते. पहिल्याच पायरीला आम्लाऐवजी कार्बोनेट घातले तर बहुतेक सगळे धातू एकदम खाली बसतील आणि हाती चिखल येईल.

नवसागरापाशी क्षणभर थांबतो. उर्दूत नौशादर. मराठीने त्याचा नवसागर केला. नऊ समुद्रांशी त्याचा काही संबंध नाही. दारावर येणारा कल्हईवाला तापलेल्या पातेल्यात याची चिमूट टाकायचा, भस्सकन पांढरा धूर यायचा आणि कथील भांड्याला धरायचे. 'कल्हई' हा शब्दही अरबीतल्या कथलाच्या नावावरून आलेला. कल्हई उडालेल्या भांड्यात आमटी कळकायची, म्हणजे तांबे आंबट रसात उतरायचे. कळकलेल्या रसातले हे तांबे रसायनज्ञाला हवे तर अमोनियाने पकडता येते: तांब्याच्या द्रावणात अमोनिया जास्त घातला की गडद, शाईसारखा निळा रंग उमटतो. तर हा नवसागर प्रयोगशाळेत अमोनियाच्या आधी का घालायचा? कारण तो अमोनियाचा जोर आवरतो. जोर पूर्ण लागला तर लोखंडाबरोबर मँगनीज, मॅग्नेशियमही खाली येतील. आवरला तर फक्त तेच बसतात ज्यांना थोडा धक्का पुरतो.

हे कारण फ्रेझेनियसला १८४१ मध्ये सांगता आले नसते. आयन म्हणजे काय हेच तेव्हा नीट माहीत नव्हते. विद्युतभारित आयन द्रावणात मोकळे वावरतात हे अऱ्हेनियसने १८८० च्या दशकात मांडले, १८८९ मध्ये नेर्न्स्टने विद्राव्यतेचा गुणाकार दिला, आणि १८९४ मध्ये ओस्टवाल्डने या जुन्या गटांमागचे गणित पुस्तकात उलगडून दाखवले. अर्ध्या शतकाहून जास्त काळ लोक आयन अचूक ओळखत होते, आयन आहेत हे न जाणता.

पुढचे थोडक्यात सांगतो. मार्गग्राफने अठराव्या शतकाच्या मध्याला सोडियमची पिवळी आणि पोटॅशियमची जांभळट ज्योत वेगळी केली होती. १८६० मध्ये बुन्सेन आणि किर्खहोफ यांनी ती ज्योत लोलकातून पाहिली आणि एकमेकांमागे लपणाऱ्या रंगांचा प्रश्नच संपवला. ड्यूर्कहाइमच्या झऱ्याच्या पाण्यात दोन अनोळखी निळ्या रेषा दिसल्या, त्यातून सीझियम हे नवे मूलद्रव्य निघाले. झऱ्याच्या पाण्यात काय आहे, हाच बॉइलचा जुना प्रश्न. १९०५ मध्ये रशियाच्या चुगायेवने निकेलला गुलाबी-लाल करणारा सेंद्रिय अभिकारक दिला. व्हिएन्नाच्या फ्रिट्झ फाइगलने एका थेंबात होणाऱ्या चाचण्यांची शाखाच उभी केली. तो ज्यू असल्याने १९३८ मध्ये त्याला देश सोडावा लागला आणि त्याचे उरलेले आयुष्य ब्राझीलमध्ये गेले. आता यंत्रे आहेत, नमुना घातला की पडद्यावर आकडे येतात. कॉलेजांतून तो वासाचा वायूही बराचसा हद्दपार झाला आहे आणि त्याची मला काही खंत नाही.

मग सुरम्याचे काय? पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातल्या प्राचीन इजिप्तच्या अंजनदाण्यांची तपासणी झाली आणि १९९९ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्या चार हजार वर्षे जुन्या पुडीत मुख्यतः गॅलिना होता, शिसे. शिवाय शिशाचे काही क्षार मुद्दाम तयार करून मिसळलेले. म्हणजे शिशाचा सुरमा ही आजच्या एखाद्या लबाड दुकानदाराची करामत नाही, तो माल फार जुना आहे. आपल्या काळात वेगवेगळ्या देशांत बाजारातला सुरमा तपासला गेला तेव्हा अनेक नमुन्यांत शिसे निघाले आणि सुरमा घालणाऱ्या मुलांच्या रक्तातही ते आढळले. अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन सुरमा-काजळाला प्रसाधन म्हणून परवानगी देत नाही. आपल्या देशातही प्रसाधनांत रंगासाठी शिशाची किंवा आर्सेनिकची संयुगे वापरायला कायद्याने बंदी आहे. सुरमा लावणे हा आपल्या घरांतला जिव्हाळ्याचा रिवाज आहे, त्यामुळे हे बोलले की काही जण रिवाजावर हल्ला झाला असे समजतात. पण रिवाज इस्मिदचा आहे. डबीत इस्मिद आहे की नाही, हे रिवाज सांगू शकत नाही.

ते जवळच्या कॉलेजातले रसायनाचे शिक्षक सांगू शकतील. (घरी करू नका, यात जळवणारी आम्ले लागतात.) चिमूटभर पूड सौम्य नायट्रिक आम्लात गरम करून विरघळवायची, गाळायची. द्रावणाच्या एका भागात हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब: पांढरा साका, जो उकळत्या पाण्यात नाहीसा होतो आणि थंड झाल्यावर सुयांसारख्या स्फटिकांनी परततो, तर शिशाचा संशय बळावला. निश्चितीसाठी दुसऱ्या भागात पोटॅशियम आयोडाइड. शिसे असेल तर पिवळा साका बसतो. तो पाण्यासह तापवला की विरघळून द्रावण नितळ होते, आणि नळी बाजूला ठेवून निवू दिली की आत सोन्याच्या वर्खासारखे बारीक चकचकीत कण तरंगत खाली येऊ लागतात. प्रयोगशाळेतल्या सर्वांत देखण्या दृश्यांपैकी ते एक आहे. साका आला नाही तर मात्र डबी निर्धोक ठरत नाही. नळीतल्या चाचणीला थोडके शिसे निसटते, त्यासाठी यंत्रच लागते. आणि घरात रोज सुरमा लागणारे मूल असेल तर डबीइतकीच त्याच्या रक्तातल्या शिशाची तपासणी डॉक्टरांकडून करून घेता येते.